ड्रॅगन मारून झाले, आता घर बांधू या!

पाठीला तलवार, डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रॅगन आणि वीरपुरुष मात्र खिळे मोजण्यात गर्क! ऐकून हसू येईल, पण 'स्कायरिम' या व्हिडिओ गेममध्ये असंख्य खेळाडू नेमके हेच करतात. राज्य वाचवण्याची कामगिरी अर्धवट टाकून ते चिकणमाती खणतात, वखारीतून लाकूड आणतात आणि स्वयंपाकघर काढावे की नाही, याचा घोळ घालत बसतात. लढाईच्या खेळात घराची एवढी ओढ कशासाठी?

अमेरिकेतील बेथेस्डा गेम स्टुडिओजने नोव्हेंबर २०११ मध्ये हा गेम आणला. बर्फाळ डोंगरांच्या एका काल्पनिक प्रदेशात खेळाडू वीराची भूमिका घेऊन भटकतो, लढतो, धन मिळवतो. शहरात तयार घर विकत घेण्याची सोय त्यात पहिल्यापासूनच होती. पण नुसता पैसा असून भागत नाही. आधी तिथल्या सरदाराच्या उपयोगी पडून त्याचा विश्वास संपादन करावा लागतो. व्हाइटरन शहरातले 'ब्रीझहोम' हे छोटेसे घर ५,००० सुवर्णमुद्रांना पडते, तर सॉलिट्यूड शहरातल्या 'प्राउडस्पायर मॅनॉर' या वाड्याला तब्बल २५,००० मोजाव्या लागतात. शिवाय आतल्या सामानाचे पैसे वेगळे!

एका आठवड्याची हौस

घर स्वतःच्या हातांनी बांधण्याची कल्पना मात्र नंतर आली आणि तीही गमतीने. गेम पूर्ण झाल्यावर कंपनीने आपल्या लोकांना एक आठवडा मोकळा दिला आणि सांगितले, 'या खेळात तुम्हाला जे करावेसे वाटते ते करून दाखवा.' त्यातून निघालेल्या करामती दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये एका परिषदेत दाखवल्या. त्यांत दोन गोष्टी अगदी घरगुती होत्या : आपले घर बांधणे आणि मूल दत्तक घेणे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या दोन्ही गोष्टी घेऊन 'हार्थफायर' ही गेमची पुरवणी बाजारात आली.

पायापासून आढ्यापर्यंत

या पुरवणीत जमिनीचे तीन तुकडे विकत मिळतात, प्रत्येकी ५,००० मुद्रांना. 'लेकव्ह्यू मॅनॉर' तळ्याकाठच्या रानात आहे, 'विंडस्टॅड मॅनॉर' खाऱ्या दलदलीत, तर 'हेल्यार्चेन हॉल' उत्तरेच्या बर्फात. प्रत्येकाचे एक खास वैशिष्ट्य आहे. पहिल्या ठिकाणी मधमाश्या पाळता येतात, दुसऱ्या ठिकाणी मासे आणि तिसऱ्या ठिकाणी धान्य दळायची चक्की घालता येते.

जागेवर एक नकाशाचे टेबल आणि एक सुतारकामाचे टेबल मांडलेले असते. आधी नकाशा निवडायचा, मग पाया, भिंतींचा सांगाडा, भिंती, छप्पर, दार असे एकेक काम उरकायचे. दगड आणि चिकणमाती जवळच खणून मिळते, पण लाकूड वखारीतूनच आणावे लागते. लोखंडाच्या एका लगडीतून १० खिळे किंवा २ बिजागऱ्या बनतात. प्रथम एका खोलीचे घर उभे राहते. पुढे त्याला लागून मोठे दालन बांधले, की पहिली खोली त्या वाड्याची देवडी होते. ज्यांनी एका खोलीत संसार थाटून पुढे घर वाढवले, त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल.

ज्याला एवढी दगदग नको, तो विश्वासातल्या माणसाला कारभारी नेमू शकतो. पैसे दिले की कारभारी घर सजवून देतो, घोडागाडीची सोय करतो, गाणी म्हणणारा भाटसुद्धा आणतो.

सगळेच कसे मिळेल?

खरी परीक्षा पुढेच असते. मोठ्या दालनाला तीन बाजूंनी खोल्या जोडता येतात आणि प्रत्येक बाजूला तीन पर्याय असतात, पण निवडायचा एकच. पूर्वेला स्वयंपाकघर, ग्रंथालय किंवा शस्त्रागार. पश्चिमेला शयनगृहे, काचेचे रोपघर किंवा मंत्रविद्येचा मनोरा. उत्तरेला औषधी अर्क बनवायची रसशाळा, कोठीची खोली किंवा शिकारीच्या स्मृतिचिन्हांचे दालन. एकदा खोली बांधली की ती पाडून दुसरी बांधण्याची सोय मूळ खेळात नाही. म्हणूनच ड्रॅगनसमोर न डगमगणारा खेळाडू इथे मात्र थबकतो.

ब्रीझहोमसारख्या लहान घरात तर ही निवड आणखी अवघड होते. तिथे एकच जागा आहे. तीत आपली रसशाळा ठेवावी की मुलांची खोली करावी? दोन्ही एका वेळी नांदू शकत नाहीत. जास्तीत जास्त दोन मुले दत्तक घेता येतात, आणि प्रत्येक मुलाला झोपायला पलंग व स्वतःच्या वस्तू ठेवायला एक पेटी द्यावीच लागते.

ही मुले तरी कशी? ल्युशिया ही मुलगी आईवडील गेल्यावर नातेवाइकांनी शेतावरून हाकलून दिल्यामुळे व्हाइटरनमध्ये भीक मागते. विंडहेल्म शहराच्या थंडीत सोफी फुले विकते. तिचे वडील लढाईवर गेले, ते परतलेच नाहीत. अशा मुलीसाठी आपली कामाची खोली सोडायला खेळाडू तयार होतो, तेव्हा तो खेळातले गुण कमावत नसतो. घर कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर तो देत असतो.

पुढे हीच मुले लपंडाव खेळायचा हट्ट धरतात, खाऊला पैसे मागतात आणि ससा किंवा कोल्हा घरी आणून 'याला पाळू या ना!' म्हणतात.

घर म्हटले की कटकटी आल्याच

मेहनतीने मांडलेली भांडी पुन्हा घरात शिरताच टेबलावरून उडून पडतात. चिलखते चढवून ठेवलेले पुतळे जागा सोडून फिरताना दिसतात. या खेळातल्या जुन्या प्रसिद्ध चुका आहेत. रानातल्या घरावर दरोडेखोर आणि लांडगेही चाल करून येतात.

त्यावर हौशी खेळाडूंनी उपायही शोधले. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने गेममध्ये बदल करण्याचे साधन खुले केल्यावर अनेकांनी आपल्या मनासारखी घरे तयार करून इतरांना फुकट वाटली.

पालकांनी हे लक्षात ठेवावे

घराची बाजू गोड असली तरी या खेळात रक्तपात बराच आहे. अमेरिकेत त्याला १७ वर्षांवरील आणि युरोपात १८ वर्षांवरील वयोगटाचा शिक्का आहे. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. २०१६ मध्ये निघालेल्या 'स्पेशल एडिशन'मध्ये हार्थफायर आधीच समाविष्ट आहे, मात्र त्यात पैसे देऊन घ्यायच्या जादा वस्तूही विकल्या जातात, तेव्हा खर्चावर लक्ष हवे. घर सजवता सजवता रात्र कशी सरते तेही कळत नाही. म्हणून वेळेची मर्यादा आधीच ठरवलेली बरी.

पण घरातला मोठा मुलगा किंवा मुलगी हा खेळ खेळत असेल, तर 'बंद कर ते!' म्हणण्याआधी एकदा शेजारी खुर्ची ओढून बसा आणि 'तुझे घर दाखव पाहू,' असे म्हणा. त्याने ग्रंथालय बांधले की शस्त्रागार? मुलांची खोली कुठे काढली? का काढली? एरवी एका शब्दात उत्तर देणारे मूल कदाचित अर्धा तास बोलत राहील. आणि मग तुम्हीही विचारा, 'आपल्या या घरात तुला काय बदलावेसे वाटते?'

त्याचे उत्तर मात्र नीट ऐका. इथली खोली बदलायला अजून वाव आहे.