कलम चौथं

1897चा साथरोग कायदा मूळ स्वरूपात एका पानात मावायचा. कलमं चारच. पहिलं कायद्याच्या नावाचं. दुसरं सरकारला हवे ते नियम करायची मुभा देणारं, तिसरं नियम मोडणाऱ्याच्या शिक्षेचं. आणि चौथं असं, की या कायद्याखाली सद्भावनेनं जे केलं जाईल किंवा करायचा हेतू असेल, त्याबद्दल कुणावरही दावा वा खटला चालणार नाही. करोनाच्या दोन वर्षांकडे मागे वळून पाहताना मी दर वेळी या चौथ्या कलमाशीच येऊन थांबतो.

हा कायदा आपल्याच अंगणात जन्मला. सप्टेंबर 1896मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं आणि पुढच्या 4 फेब्रुवारीला कायदा मंजूरही झाला. त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड पुण्यात आला आणि प्लेग कमिटीचा प्रमुख झाला. गोरे सोजीर घराघरांत शिरले, थेट देवघरापर्यंत. सामान रस्त्यावर आलं, माणसं छावण्यांत गेली. रोग खरा होता, हे विसरून चालणार नाही. पुण्यात रुग्णांची सेवा करतानाच 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. उपायांना टिळकांचाही विरोध नव्हता. त्यांनी स्वतः प्लेगचं इस्पितळ काढलं. त्यांचा आक्षेप होता तो माणसांना दिलेल्या वागणुकीला आणि तक्रार ऐकायला कुणीच नसण्याला.

पुढचं शाळेत शिकलेलं असतं. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, चापेकर बंधू फासावर गेले. शाळेत कमी सांगितला जातो तो त्यानंतरचा भाग. टिळकांना ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल राजद्रोहाखाली 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. सोजिरांच्या वर्तनाबद्दल विलायतेत आरोप करणाऱ्या गोखल्यांना परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली, कारण ज्यांच्या पत्रांवर त्यांनी भिस्त ठेवली ते साक्षीला पुढे आले नाहीत. जाब विचारणारे दोघं, एक तुरुंगात आणि एक माफीनाम्यावर. कमिटीच्या कारभाराला चौथ्या कलमाचं कवच होतंच.

स्वतंत्र भारतानं हा कायदा तसाच ठेवला. मार्च 2020मध्ये तो पुन्हा बाहेर निघाला, जोडीला 2005चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. महाराष्ट्रात घरी विलगीकरणात राहायचं असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के उमटले. 24 मार्चला रात्री 8 वाजता पंतप्रधानांनी 21 दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि ती मध्यरात्रीच लागू झाली. मध्ये चार तास. हातावर पोट असलेल्या माणसाला चार तासांत काय करता येतं? नाक्यानाक्यावर लाठ्या बसल्या, भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या गेल्या. आपण ते व्हिडिओ एकमेकांना पाठवले, हेही इथे लिहिलंच पाहिजे.

जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले वीस मजूर भुसावळकडे निघाले होते. तिथून गावची गाडी मिळेल, ही आशा. परवान्यासाठी आठवडाभर आधी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. रेल्वे बंद आहे असं समजून ते रुळांवरूनच चालले आणि थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. 8 मे 2020च्या पहाटे मालगाडी आली. 16 जण गेले. रुळांमध्ये पसरलेल्या त्या भाकऱ्यांचा फोटो साऱ्या देशानं पाहिला. दोन्ही राज्यांनी प्रत्येकी 5 लाखांची मदत जाहीर केली. मदत आली, पण त्या अर्जांना उत्तर का आलं नाही हे कुणी सांगितलं नाही.

माझं दुःख त्यापुढे लहान आहे. तरी सांगतो, कारण त्यातही तेच होतं. शेजारच्या जिल्ह्यात माझी आत्या वारली. रात्री दोन वाजता मोबाइलवर ई-पासचा अर्ज भरला. फोटोचा आकार दोनदा चुकला. सकाळी दवाखान्याच्या रांगेत उभं राहून तब्येतीचा दाखला आणला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: अर्ज नामंजूर. कारणाच्या रकान्यात काहीच नव्हतं. परवानगी नाकारणं मी समजू शकलो असतो. तो कोरा रकाना मला आजही सलतो.

सप्टेंबर 2020मध्ये संसद भरली तेव्हा प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता. स्थलांतरित मजूर किती मेले, या लेखी प्रश्नाला कामगार मंत्रालयानं उत्तर दिलं, की अशी माहिती ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. गावी परतलेल्या मजुरांचा आकडा मात्र त्याच सरकारकडे होता, एक कोटीहून अधिक. त्याच छोट्या अधिवेशनात शेती आणि कामगार कायदे भराभर मंजूर झाले आणि हिवाळी अधिवेशन तर झालंच नाही. पीएम केअर्स निधीबद्दल माहिती अधिकारात विचारणाऱ्यांना सांगितलं गेलं, की हे सार्वजनिक प्राधिकरणच नव्हे. नोकरदारांवर सक्तीनं लादलेलं आरोग्य सेतू ॲप नेमकं कुणी बनवलं, हे सांगायलाही सरकारी यंत्रणेला जमलं नाही; त्याबद्दल केंद्रीय माहिती आयोगानं तिची खरडपट्टी काढली.

न्यायालयं काही वेळा उभी राहिली आणि ते नोंदवलं पाहिजे. करमाड ज्या जिल्ह्यात आहे, त्याच, तेव्हाच्या औरंगाबादच्या, उच्च न्यायालय खंडपीठानं 21 ऑगस्ट 2020 रोजी तबलिगी जमातच्या 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात त्यांना बळीचा बकरा केल्याचं स्पष्ट म्हटलं. कारखान्यांना जादा तासांच्या दुप्पट मजुरीतून सूट देणाऱ्या गुजरातच्या अधिसूचना सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबरमध्ये रद्द केल्या. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी समाजमाध्यमांवर हाक देणाऱ्यांना गुन्ह्यांची भीती घातली जात होती, तेव्हा 30 एप्रिल 2021 रोजी त्याच न्यायालयानं बजावलं, की अशा नागरिकांची मुस्कटदाबी हा आमचा अवमान समजू.

पण त्या लाटेचा हिशेबही लागला नाही. ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी कळवलेली नाही, असं जुलै 2021मध्ये राज्यसभेत सांगितलं गेलं. ज्यांनी रिकामं सिलिंडर घेऊन रात्र काढली, त्यांनी ते ऐकलं. 2020 आणि 2021मध्ये भारतात सुमारे 47 लाख जादा मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. सरकारी आकडा सुमारे 4.8 लाख. सरकारनं तो अंदाज फेटाळला. अंदाजावर वाद होऊ शकतो, पण आपलीच नोंदवही वेळेवर उघडायला काय हरकत होती? 2021च्या मृत्यूनोंदणीचा अहवाल मे 2025मध्ये बाहेर आला. त्यात 1 कोटी 2 लाख नोंदी आहेत, आदल्या वर्षापेक्षा सुमारे 21 लाख जास्त.

टाळेबंदी करायलाच नको होती, असं माझं म्हणणं नाही. घरात थांबा म्हटलं, आपण थांबलो. ज्यानं थांबायला सांगितलं, त्यानं नंतर हिशेब द्यायचा असतो, आणि तो दिला गेला नाही. 2020 साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी, आणि ती आवश्यकच होती. चौथ्या कलमाला तिनं हात लावला नाही. फेब्रुवारी 2024मध्ये विधी आयोगानं आपल्या 286व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचं सांगितलं.

संसदेच्या पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या खासदाराला एक साधं पत्र लिहा. त्या अहवालाचं काय झालं आणि चौथ्या कलमाचं काय करणार, एवढंच विचारा. उत्तर लेखी मागा.