मोर कुठं गेला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चौथीतली एक मुलगी शाळेच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून एका वेबपानावर चित्र काढत होती. मोर जवळजवळ पुरा झालेला, पिसाऱ्यातले चार डोळे तेवढे राहिलेले. तेवढ्यात वीज गेली! अर्ध्या तासानं आली, पान पुन्हा उघडलं, तर समोर कोरा कागद. रडवेली होऊन ती म्हणाली, "सर, माझा मोर कुठं गेला?"

खरं सांगायचं तर ब्राउझर जन्माला आला तो वाचण्यासाठी, चित्रं रंगवण्यासाठी नव्हे. १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर बनवला. शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज वाचता यावी, हा हेतू. ब्राउझरनं दूरच्या कॉम्प्युटरकडं, म्हणजे सर्व्हरकडं, पान मागायचं, त्यानं ते द्यायचं, संपलं काम! पुढच्या खेपेला तो तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. विसरभोळ्या दुकानदारासारखंच की! म्हणून १९९४ मध्ये 'कुकी' निघाली. ही खायची नाही बरं का! ही ब्राउझरजवळ ठेवलेली ओळखीची चिठ्ठी. पण चिठ्ठी केवढीशी, साधारण ४ केबीची. तिच्यात मोर कसा मावणार?

१९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. तिचं पहिलं रूप त्यांनी अवघ्या १० दिवसांत उभं केलं! मग पानं गणितं करू लागली, खेळ खेळू लागली. पण ब्राउझरनं त्यांना एक कुंपण घातलं. अनोळखी पाहुण्याला आपण ओसरीवर बसवतो, पाणी देतो, पण माजघरातलं कपाट उघडू देतो का? वेबपानही असंच पाहुणं. आपल्या कॉम्प्युटरमधल्या फाइलींना ते परवानगीशिवाय हात लावू शकत नाही. हे कुंपण नसतं, तर कुठलंही पान तुमचे फोटो गुपचूप घेऊन गेलं असतं.

ओसरीवर एक छोटी पेटी मात्र मिळते. 'लोकल स्टोरेज' तिचं नाव. एका वेबसाइटला साधारण ५ एमबी जागा. याहून मोठी जागाही मागता येते. पण कुणी ब्राउझरची साफसफाई केली, की तीही रिकामी होऊ शकते. आमच्या मोरासाठी तर पेटीच उघडली नव्हती. तो नुसता कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीत होता आणि विजेबरोबर ती पुसली गेली.

हे सगळं ऐकून बाई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "पण सर, पेटी होती ना? मग पान बनवणाऱ्यानं त्यात मोर का नाही ठेवला?"

मी काय बोलणार! दुसऱ्या दिवशी तिनं नवा मोर काढला. दर दोन पिसांनंतर 'डाउनलोड' दाबत होती. फोल्डरमध्ये आता एकोणीस मोर आहेत.