व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घरी दुरुस्त केलाय आणि आता घुमतोय?

गिटारवाल्यांनो, कपॅसिटर बदलून झाले आणि अ‍ॅम्प थेट बोर्डात लावला, असं करू नका. आधी सिरीज बल्बवर लावा. जुना तारेचाच बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भकाभक पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता आवाज नीट ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची. जाडसर, खालची घूं असेल तर हीटरच्या तारा किंवा अर्थिंग बघा. खरखरीत, १०० हर्ट्झची गुणगुण असेल तर बहुधा फिल्टर कपॅसिटर किंवा त्याचं ग्राउंड.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर अ‍ॅम्प किंचाळतोय? मग निगेटिव्ह फीडबॅक उलटा लागलाय. व्हॉल्व्हच्या प्लेटकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली की बहुतेक वेळा तो गप्प होतो. हा दोष नवख्यांना फार छळतो, आणि विनाकारण चांगले व्हॉल्व्ह बदलले जातात.

अंधारात पॉवर व्हॉल्व्हकडेही पाहा. मधला फिलामेंट नारिंगी असणारच, पण बाहेरचा करडा पत्रा लाल व्हायला लागला तर बायस चुकलाय.

अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाऊन लागेलच.

प्लग काढल्यावरही आत ४०० व्होल्ट साठलेले असू शकतात. मीटरने मोजल्याशिवाय हात घालू नका, आणि सवय नसेल तर जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त केलेल्या जाणत्या मेकॅनिककडेच द्या.