बाळ ‘जयभीम’ घालतंय? जरा नीट बघा

चार-पाच महिन्यांचं बाळ झोपेतून उठतं, एकदम मान खाली टाकतं, दोन्ही हात पुढे आणतं. क्षणभर थांबतं, की पुन्हा तसंच. घरातली माणसं कौतुकानं म्हणतात, बघा, आत्तापासून जयभीम घालतंय! कुणी म्हणतं दचकतंय, कुणी म्हणतं पोटात दुखतंय, आजी मीठ-मिरच्या उतरून टाकते. भातसानगर, बिरवाडी, शहापूरच्या वस्त्यांत फिरताना हे सगळं कानावर येतं. पुष्कळदा ते साधं दचकणंच असतं. दार आपटलं, भांडं पडलं की बाळ एकदा दचकतं आणि संपलं. पण आवाज नाही, कारण नाही आणि झटके ओळीनं पाच, दहा, वीस येतात, विशेषतः झोपेतून उठताना, तर ती मेंदूची फिट असू शकते. डॉक्टर तिला वेस्ट सिंड्रोम म्हणतात.

वेस्ट हे एका बापाचं नाव. डॉ. विल्यम वेस्ट इंग्लंडमध्ये टनब्रिज गावात डॉक्टरकी करत. त्यांच्याच मुलाला चौथ्या महिन्याच्या सुमारास हे झटके सुरू झाले. जळवा लावून झाल्या, अफूचं औषध झालं, लंडनचे नामांकित डॉक्टर झाले. त्यातल्या एकानं या झटक्यांना ‘सलाम’ असंच नाव दिलं होतं. गुण काही येईना. तेव्हा १८४१ साली वेस्टनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहून मुलाचे झटके बारकाईनं वर्णन केले आणि इतर डॉक्टरांकडे मदत मागितली. स्वतः डॉक्टर असून मला कळत नाही, असं चारचौघांत सांगायला छाती लागते. आपल्याकडे तर अजून फिट म्हटलं की घरची दारं लावून घेतात.

साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एखाद्याला हा आजार होतो, बहुतेकदा तिसऱ्या ते आठव्या महिन्यात. दोन झटक्यांच्या मध्ये बाळ चांगलं दिसतं, म्हणून आपण फसतो. आत मात्र मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, पार विस्कटलेला असतो. हसणारं बाळ हसेनासं होतं, नजर देईनासं होतं, मान धरलेली सोडतं. उपचार जितका लवकर, तितकी आशा जास्त. आणि आपल्या देशातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की मूल योग्य डॉक्टरपर्यंत पोचायलाच महिने जातात.

कारणं अनेक आहेत. आपल्याकडे जन्मताना श्वास कोंडणं आणि पहिल्या दिवसांत रक्तातली साखर उतरणं ही मोठी कारणं. म्हणून मध नको, गुटी नको, पहिल्या तासात आईचं दूधच. चिकाचं दूध पिळून टाकू नका. काही मुलांत कारण सापडतच नाही, अशा वेळी सुनेला बोल लावून काय मिळणार? लसीवरही संशय घेतला जातो, कारण लसीचं वय आणि या झटक्यांचं वय एकच. पण लसीमुळे हा आजार होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असं सांगितलं, ते भगताच्या अंगाऱ्यालाही लागू आहे आणि मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपालाही.

आता औषधाचं. पूर्वीपासून एसीटीएच नावाचं महागडं इंजेक्शन देतात. गरिबाला ते कसं परवडावं? श्रीलंकेत कोलंबोच्या डॉ. जितांगी वनिगसिंघे आणि सहकाऱ्यांनी ९७ बाळांवर अभ्यास केला, तो २०१५ साली छापून आला. तोंडावाटे द्यायचं स्वस्त प्रेडनिसोलोन या इंजेक्शनच्या मागे पडत नाही, उलट सुरुवातीला झटके थांबवण्यात सरस ठरलं, असं त्यात दिसलं. दिल्लीच्या कलावती सरन बालरुग्णालयातूनही २०१४ साली याच गोळ्यांच्या मात्रेवर अभ्यास आला. जास्त मात्रेनं अधिक बाळांचे झटके थांबले. मला हे संशोधन आपलं वाटतं, कारण प्रश्न आपल्या खिशाकडे बघून विचारलाय. मात्र हे स्टेरॉईड आहे. टीबी, जंतुसंसर्ग, रक्तदाब तपासूनच देतात, आणि मनानं सुरू किंवा बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. दुसरं औषध व्हिगाबॅट्रिन. कोणतं द्यायचं, ते तज्ज्ञच ठरवतील.

तज्ज्ञ आहेत मुंबईत. भातसाचं पाणी रोज बिनचूक मुंबईला पोचतं, आपलं लेकरू पोचायला मात्र महिने लागतात! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो पालघरला, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. चांगली योजना आहे, पण पाच महिन्यांच्या बाळाला पुढच्या फेरीपर्यंत थांबवता येत नाही. झटके दिसले की त्याच आठवड्यात आशाताईंना सांगा, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ईईजीसाठी चिठ्ठी मागा. परळच्या वाडिया बालरुग्णालयात मुलांच्या मेंदूविकारांचा विभाग आहे. आसनगावहून लोकलनं दादर, तिथून परळ.

निघण्याआधी एक काम करा. झटके येताना मोबाईलवर व्हिडिओ घ्या. उजेडात, बाळाचं तोंड आणि हातपाय दिसतील असा, पूर्ण ओळ संपेपर्यंत. दवाखान्यात बाळ नेमकं शांत झोपतं आणि आईचं कुणी ऐकत नाही; व्हिडिओ डॉक्टरला बघावा लागतो. सोबत बाळंतपणाचा कागद आणि लसीचं कार्ड घ्या. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं होतं का, हे डॉक्टर विचारतीलच.