एरंड, करडई आणि उसाचे मेण : रेणूची घडण, वंगणाचा गुण

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगासाठी खोबरेल काढावे, तर थंडी पडलेल्या गावांत ते बाटलीतच थिजलेले असते. शेजारच्या डब्यातले करडईचे तेल मात्र खुशाल वाहत असते. आणि त्याच फळीवरचे एरंडेल थिजत नाही, पण काकवीसारखे सावकाश ओघळते. तिन्ही तेले वनस्पतींचीच. मग स्वभाव इतके निराळे का? या घरगुती प्रश्नाच्या उत्तरातच वनस्पतीजन्य वंगणांचे सारे शास्त्र दडलेले आहे.

रसायनशास्त्र शिकवताना या विषयावर मला दोन टोकाची मते ऐकायला मिळतात. एक, ‘निसर्गातले ते चांगलेच’. दुसरे, ‘खायचे तेल यंत्रात घातले की यंत्र बसलेच’. दोन्ही मते अपुरी आहेत. तेल कुठून आले यापेक्षा त्याचा रेणू कसा घडला आहे, यावर त्याचे काम ठरते. हा वाद केवळ पुस्तकी नाही. लाकूड कापणाऱ्या करवतीची साखळी, होडीचे इंजिन, रेल्वेच्या वळणावरचे रूळ अशा ठिकाणी घातलेले वंगण पुन्हा हाती येत नाही. ते माती-पाण्यातच जाते. खनिज तेल तिथे दीर्घकाळ रेंगाळते, तर वनस्पती तेल जिवाणू तुलनेने लवकर पचवतात. तेव्हा ते वापरता येईल का, हा प्रश्न मोलाचा आहे.

तीन हातांचा रेणू

वनस्पती तेलाचा रेणू त्रिशुळासारखा कल्पावा. मुठीच्या जागी ग्लिसरॉल आणि त्याला जोडलेले मेदाम्लांचे तीन लांब हात. हात बहुधा 16 किंवा 18 कार्बन अणूंचे. जोडावर ऑक्सिजन असलेला एस्टर गट असतो आणि त्याला धातूच्या पृष्ठभागाची ओढ असते. त्यामुळे रेणू मुठीकडून धातूला चिकटतात आणि हात गालिच्याच्या लवेसारखे बाहेर उभे राहतात. दोन धातू एकमेकांवर घासतात, तेव्हा खरे तर ही लवच लवेवरून सरकते. खनिज तेलात जवळजवळ फक्त कार्बन आणि हायड्रोजन. त्याला ही चिकटण्याची सोय नाही, म्हणून त्यात वेगळी द्रव्ये मिसळावी लागतात.

आता हातांचा आकार पाहू. स्टिअरिक आम्लाचा 18 कार्बनांचा हात सरळ असतो. सरळ काड्या जशा पेटीत घट्ट बसतात, तसे हे रेणू एकमेकांना बिलगतात. ते वितळायला सुमारे 69 अंश सेल्सिअस तापमान लागते. ओलेइक आम्लातही कार्बन 18 च, पण मध्यावर एक दुहेरी बंध असतो आणि तिथे हात कोपरासारखा वाकतो. वाकड्या काड्या नीट रचल्या जात नाहीत, म्हणून ते 14 अंशांच्या आसपासच वितळते. हा परिणाम आकाराचाच आहे, याचा पुरावा इलाइडिक आम्ल देते. तेच अणू, तितकेच, दुहेरी बंधही त्याच जागी. फक्त बंधाची ठेवण उलटी, त्यामुळे हात जवळपास सरळ. त्याचा वितळणबिंदू एकदम 45 अंशांच्या घरात जातो. जुन्या डालडासारख्या वनस्पती तुपाच्या घट्टपणात अशा ‘ट्रान्स’ आम्लांचा वाटा होता.

खोबरेलाचे कोडे इथे सुटते. त्यातले जवळजवळ निम्मे मेदाम्ल 12 कार्बनांचे लॉरिक आम्ल असते. हात आखूड, पण सरळ. म्हणून ते 24 अंशांच्या आसपास थिजते.

वाकण्याची किंमत

मग भरपूर वाकलेले हात असलेले तेल घेतले तर? नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. त्यात दोन दुहेरी बंध. ते थंडीत वाहते खरे, पण दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचे हायड्रोजन अणू सैल धरलेले असतात. हवेतला ऑक्सिजन तिथेच घाव घालतो. ओलेइकपेक्षा लिनोलेइक आम्ल दहापटीहून अधिक वेगाने ऑक्सिजन ओढते. मग रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेलाचा चिकट थर होतो. शिवणयंत्रात करडईचे तेल घातले, तर काही महिन्यांनी चाक जड होते ते यामुळे.

जवसाच्या तेलात तीन दुहेरी बंधांचे लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. ते तर वाळून कातडीसारखे होते. तैलरंगांत आणि क्रिकेटच्या बॅटीवर हाच दोष गुण ठरतो. बेअरिंगमध्ये मात्र तो घातक.

म्हणजे सरळ हात टिकतात पण थिजतात, फार वाकलेले वाहतात पण चिकटतात. यातला मध्यम मार्ग एका वाकणाचा, ओलेइक आम्लाचा. करडईत ओलेइकचे लिनोलेइक करणारे विकर जनुकीय बदलाने निकामी झाले की तेल बहुतांश ओलेइक होते. असे करडईचे वाण कॅलिफोर्नियात 1960 च्या दशकातच आले. पीक तेच, पण तेल वंगणाच्या दृष्टीने वेगळेच.

एक कच्चा दुवा तरीही राहतो. ग्लिसरॉलच्या मधल्या कार्बनवर एक हायड्रोजन असतो आणि फार उष्णतेत रेणू तिथून फुटतो. म्हणून हात तेच ठेवून मूठ बदलतात. असा हायड्रोजन नसलेले ट्रायमिथिलॉलप्रोपेन जोडतात.

एरंडाचे वेगळेपण

एरंडेलात 85 ते 90 टक्के रिसिनोलेइक आम्ल असते. एक वाकण आहेच. शिवाय बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट लटकलेला. हे गट शेजारच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. त्यामुळे 40 अंशांना एरंडेल सोयाबीन तेलापेक्षा सहा-सात पट दाट असते. तापमान वाढले की हे बंध सुटतात, म्हणून ते इतर वनस्पती तेलांपेक्षा झपाट्याने पातळ होते. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणाऱ्याला हे सूत्र ठाऊक नव्हते. ते आसावर टिकते, हे ठाऊक होते.

याच गटामुळे एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत म्हणूनच ते वापरत. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरून आले आहे.

एरंडेलाला हायड्रोजन दिला, की वाकण जाते आणि हायड्रॉक्सिल गट राहतो. मग 85 अंशांच्या आसपास वितळणारे कठीण मेण मिळते. त्यातल्या आम्लाचा लिथियम साबण केला, तर त्याचे सूक्ष्म तंतू जाळी विणतात आणि तेल तिच्यात स्पंजातल्या पाण्यासारखे अडकून राहते. 1940 च्या दशकापासून वापरात असलेले लिथियम ग्रीस ते हेच. स्कूटरच्या चाकातले ग्रीस बहुधा याच जातीचे असते.

मेण : मुठीविना रेणू

खऱ्या मेणात ग्लिसरॉल नसते. एक लांब आम्ल आणि एक लांब अल्कोहोल टोकाला टोक जोडलेले असतात. दोन्ही सरळ असले, की ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण होते. ते 82 ते 86 अंशांना वितळते. दोन्हींत एकेक वाकण आले, की होहोबाचे तेल होते. तेही मेणच, पण साध्या तापमानाला पातळ. अमेरिकेने 1970 मध्ये स्पर्म देवमाशाच्या तेलाची आयात थांबवली, तेव्हा त्याच्या जागी होहोबाकडे लक्ष गेले, ते या सारख्या घडणीमुळे.

उसाच्या पेराजवळ दिसणारा पांढरा थर असाच मेणाचा. त्यात 28 कार्बनांचे अल्कोहोल ठळकपणे आढळते. गाळपात हे मेण प्रेसमडमध्ये जाते आणि प्रेसमड बहुधा खतात. मेण काढायचे तर द्रावक लागतो आणि सोबत आलेली चरबी व राळ वेगळी करावी लागते. खर्च तिथेच आहे.

बाजार समितीत तेलबी आली, की ‘तेल किती टक्के?’ एवढेच विचारले जाते. त्या तेलात कोणते मेदाम्ल किती, हे क्वचितच कोणी विचारतो. तो आकडा भावात धरला गेला, तर शेतकऱ्याला ओलेइक करडई वेगळी पेरण्यात अर्थ वाटेल आणि यंत्रवाल्याला आपल्या कामाचे तेल नेमके मागता येईल.