तारे किती, पायऱ्या किती?

युरोपात आई-वडिलांना घेऊन जाताना मध्यम दराचे हॉटेल कसे निवडावे

भारतातून आई-वडील आले, नायगारा झाला, वॉशिंग्टन झाले, ओळखीच्या चार घरी जेवणे झाली, की आपल्या बऱ्याच घरांतून पुढचा विषय निघतो तो युरोपचा. परत जाताना वाटेत लंडन-पॅरिस दाखवू, जमले तर स्वित्झर्लंड आणि रोमही. विमानाची तिकिटे चटकन ठरतात. गाडी अडते ती हॉटेलापाशी. मोठ्या नावाच्या हॉटेलात दोन खोल्या, आठ रात्री, हा हिशेब पाहिला की छाती दडपते. अगदी स्वस्तात जावे, तर सत्तरीच्या माणसांना घेऊन कुठे उतरायचे ही धास्ती. या दोन टोकांच्या मध्ये स्वच्छ, आटोपशीर, सुखाची हॉटेले युरोपात भरपूर आहेत. ती ओळखायची कशी, एवढाच या लेखाचा विषय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मध्यम दरात सुख मिळते, पण ते ताऱ्यांवरून ओळखता येत नाही. आपल्या माणसांना काय लागते याची यादी आधी करावी आणि मग हॉटेल शोधावे. आपण बहुधा नेमके उलटे करतो.

तारे काय सांगतात?

तारा म्हणजे जगभर एकच माप, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. फ्रान्समध्ये तारे तिथली राष्ट्रीय पर्यटन संस्था देते आणि ते पाच वर्षांपुरते असतात. इटलीत नियम प्रांतागणिक वेगळे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, स्वीडन, हंगेरी आणि झेक प्रजासत्ताक या देशांतल्या हॉटेल-संघटनांनी २००९ साली एकत्र येऊन समान कसोट्या ठरवल्या, पुढे आणखी देश त्यांत आले. इंग्लंडमध्ये तारे घेणे ऐच्छिक आहे. म्हणजे नावापुढे तारा नाही म्हणून हॉटेल वाईट, असे मुळीच नाही.

शिवाय तारे मोजतात त्या मुख्यतः सोयी : खोलीचे क्षेत्रफळ, रिसेप्शन किती तास उघडे, कोणकोणत्या सेवा मिळतात. फ्रान्समध्ये तीन ताऱ्यांसाठी दोघांची खोली बाथरूम धरून साडेतेरा चौरस मीटर असली तरी पुरते. म्हणजे सुमारे १४५ चौरस फूट. अमेरिकेतल्या साध्या मोटेलच्या ऐसपैस खोलीची ज्यांना सवय आहे, त्यांना तिथे दोन मोठ्या बॅगा उघडल्यावर पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. तक्रार करण्यात अर्थ नसतो. हॉटेलवाल्याने नियम पाळलेला असतो, आपलेच माप वेगळे असते. म्हणून ताऱ्यांऐवजी खोलीचे चौरस मीटर पाहावेत. चौरस मीटरला पावणेअकराने गुणले की चौरस फूट मिळतात. दोन माणसे आणि सामान यांना अठरा-वीस चौरस मीटर असतील तर सुखाने राहता येते.

पायऱ्या, पलंग आणि पहाटेचा चहा

यादी करायची तर ती आई-वडिलांना विचारून. पण इथे एक अडचण आहे. "कसे हॉटेल हवे?" असे विचारले, की उत्तर ठरलेले : "आम्हाला काय, कुठेही चालेल." दर ऐकला की मनातल्या मनात युरोचे रुपये होतात आणि गुडघ्याचे दुखणे गिळले जाते. म्हणून हॉटेलाबद्दल विचारूच नये. किती पायऱ्या न थांबता चढता येतात, रात्री किती वेळा उठावे लागते, पहिला चहा किती वाजता लागतो, हे विचारावे. या तीन उत्तरांत अर्धे हॉटेल ठरते.

पायऱ्यांचे पाहा. लंडनमध्ये पॅडिंग्टन, अर्ल्स कोर्ट, व्हिक्टोरिया या भागांतली कित्येक लहान हॉटेले म्हणजे एकोणिसाव्या शतकातली उंच, अरुंद घरे. अनेक ठिकाणी लिफ्ट नसते. कुठे असते, पण रस्त्यावरून पाच-सहा पायऱ्या चढल्यावर, तर कुठे ती शेवटच्या मजल्यापर्यंत जात नाही. त्यात अमेरिकेत राहून आपल्याला 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे तळमजला वाटू लागतो. युरोपात तो भारतासारखाच एक जिना वर असतो. आई-वडिलांना हे बरोबर माहीत असते, घोटाळा आपला होतो. तेव्हा "लिफ्ट आहे का?" एवढ्यावर न थांबता "रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या?" असा प्रश्न हॉटेलला लेखी विचारावा. चांगले हॉटेल आकड्यात उत्तर देते. उत्तर गोलमाल आले, तर दुसरे हॉटेल पाहावे.

पलंगाचेही तसेच. फ्रान्समधला नेहमीचा 'डबल' पलंग १४० सेंटिमीटर रुंद असतो, अमेरिकेतला क्वीन सुमारे १५२. दोन स्वतंत्र पलंग हवे असतील तर 'ट्विन' मागावा. जर्मनी-ऑस्ट्रियात दुहेरी पलंगावर बहुधा दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणे असतात. रात्री उठावे लागणाऱ्यांना ही पद्धत फार सोयीची. बाथरूममध्ये उंच कडेचा टब आहे की सपाट शॉवर, हेही विचारावे. टबची कड ओलांडणे हे म्हाताऱ्या माणसांना जिन्यापेक्षा अवघड जाते.

चहासाठी ब्रिटनमध्ये चिंता नाही, बहुतेक खोल्यांत विजेची किटली असते. इंग्लिश खाडी ओलांडली की तसा भरवसा धरता येत नाही. नाश्ता सातला सुरू होतो आणि आमच्या घरी पहिला चहा पहाटे पाचला! तिथे किटली आहे का हे विचारावे, किंवा युरोपातल्या विजेवर चालणारी छोटी किटली बरोबर न्यावी आणि ती खोलीत वापरलेली चालते का, हे आधी विचारून घ्यावे. चार रात्रींहून जास्त मुक्काम असेल तर लहान स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट-हॉटेल पाहावे. संध्याकाळी वरण-भात करता आला, की वडीलधाऱ्यांची सहल निम्म्याने सोपी होते आणि उपाहारगृहाचे बिलही वाचते. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर वातानुकूलन आहे का हेही पाहा. उत्तर युरोपात मध्यम दराच्या हॉटेलांत ते गृहीत धरता येत नाही.

जागा कुठे?

'स्टेशनपासून पाच मिनिटे' ही जाहिरात तरुण पायांसाठी असते. लंडनच्या भुयारी रेल्वेची सुमारे एकतृतीयांश स्थानकेच पायऱ्यांशिवाय गाठता येतात. पण मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सर्व स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट किंवा उताराने जाता येते. ती हीथ्रो विमानतळावरून थेट शहरात येते. या मार्गावर, मध्यापासून थोडे दूर राहिले, तर दर उतरतो आणि गुडघेही वाचतात. पॅरिसच्या मेट्रोत हे सुख मुख्यतः १४ क्रमांकाच्या मार्गावर आहे. इतरत्र हॉटेल बसच्या थांब्याजवळ शोधावे. स्वित्झर्लंडमध्ये बासेल, बर्न अशा शहरांत हॉटेलात मुक्काम केला की शहरातल्या बस-ट्रामचा पास मोफत मिळतो. दरांची तुलना करताना तोही धरावा.

दर आणि बिल

पाटीवरचा दर आणि शेवटचे बिल यांत फरक पडतो तो शहर-करामुळे. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ पासून तीन ताऱ्यांच्या हॉटेलात हा कर माणशी दर रात्री ६ युरो आहे. चौघे मोठे, तीन रात्री : ७२ युरो, आणि ते बहुधा हॉटेलातच वेगळे भरावे लागतात. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून कर खोलीच्या दरावर साडेबारा टक्के आहे. त्यात नाश्ता. समजा तो माणशी १५ युरो असेल, तर चौघांचे रोजचे ६० झाले. नाश्त्यासह थोडे महाग दिसणारे हॉटेल पुष्कळदा शेवटी स्वस्त पडते. म्हणून तुलना करायची ती एकाच आकड्याची : खोल्या, कर, नाश्ता आणि विमानतळापासूनचे भाडे धरून एका रात्रीचा एकूण खर्च.

दर कमी करण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे दिवस बदलणे. फ्रँकफर्ट, ब्रसेल्स, झुरिक ही कामकाजाची शहरे. तिथली हॉटेले शनिवार-रविवारी रिकामी पडतात आणि दर उतरतात. उलट एखादे मोठे व्यापारी प्रदर्शन असेल, किंवा म्युनिकमध्ये सप्टेंबरअखेर ऑक्टोबरफेस्ट असेल, तर त्याच खोलीला कितीतरी जास्त पैसे पडतात.

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो आणि अर्जाबरोबर राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे, चार पैसे जास्त पडले तरी. आणि बिल देताना यंत्राने "डॉलर की युरो?" विचारले तर युरोच निवडावा. डॉलर निवडला तर विनिमयाचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते, आणि तो बहुधा आपल्या तोट्याचा असतो.

शेवटी, काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. झगमगीत स्वागतकक्ष, जलतरण तलाव, खिडकीतून दिसणारा आयफेल टॉवर, यांवर खुशाल पाणी सोडावे. टॉवर तर बाहेर पडल्यावर दिसतोच! पण लिफ्ट, सपाट शॉवर आणि दाराशी थांबणारी बस यांवर सोडू नये. आई-वडिलांना घेऊन अशी सहल बहुतेकांच्या नशिबी एकदाच येते. ती त्यांनी पाय चेपत खोलीत बसून काढली, तर वाचवलेल्या पैशांचे करायचे काय?