फ्लॅग आणि मार्कर : चादर एक, किंमत दुसरीच, असं होऊ नये म्हणून

सोलापुरी चादरीचा 1 मिनिटाचा व्हिडिओ करायचा म्हटलं तरी 50-60 क्लिप सहज होतात. त्यात एकाच रंगाच्या दोन चादरी स्क्रीनवर सारख्याच दिसतात. समजा, 850 चा भाव चुकून 1,200 च्या चादरीवर पडला. गिऱ्हाईक त्याच भावात मागणार, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून कापाकापीच्या आधी खुणा करा.

डाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्येही दोन्ही सोयी आहेत.

फ्लॅग : हा अख्ख्या क्लिपला लागतो. क्लिप निवडा, 'जी' दाबा. तीच क्लिप टाइमलाइनवर चार ठिकाणी वापरली तरी चारही ठिकाणी फ्लॅग दिसतो. प्रत्येक मालाला एक रंग ठरवा : 850 ची निळा, 1,200 ची हिरवा, हललेला शॉट लाल.

मार्कर : हा ठरावीक फ्रेमवर लागतो. प्लेहेड तिथे आणा, 'एम' दाबा. लगेच पुन्हा 'एम' दाबलं की खिडकी उघडते. त्यात "काठाचा क्लोजअप", "इथे किंमत" असं लिहा. क्लिप निवडून मार्कर लावला तर क्लिप हलवल्यावर तोही सोबत जातो. काहीच निवडलं नसेल तर तो टाइमलाइनवर लागतो. शिफ्ट धरून वर-खालचे बाण दाबा, एका मार्करवरून दुसऱ्यावर जाता येतं.

रंगांचा अर्थ वहीत लिहून ठेवा. जानेवारीत गड्डा यात्रेच्या गर्दीत तुम्ही काउंटरवर असाल, तेव्हा दुकानातला पोरगाही उरलेलं एडिट न चुकता पूर्ण करेल.